दोरीच्या दोन बाजू



१९५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गाण्याच्या कार्यक्रमाला गेले, तर पुष्कळ ठिकाणी सभागृहाच्या मधोमध दोरी बांधलेली असे. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय. कुठे दोरीऐवजी बाल्कनीचा वापर होई, कुठे दोन समाजांसाठी दोन वेगळे खेळ लावत. गाणारा मात्र एकच, आणि अनेकदा तो स्वतः कृष्णवर्णीय.

रॉक अँड रोल हे संगीतच मुळात कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूजमधून वाढलेले. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांच्या तबकड्या गोऱ्या घरांतली मुलेही विकत घेत. रेडिओवर गाणे ऐकताना गायकाचा रंग दिसत नाही. अडचण येई ती गायक प्रत्यक्ष गावात आल्यावर.

ही केवळ लोकांची सवय नव्हती. १८९६ साली प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले. त्याच्या आधाराने राज्यांनी आणि शहरांनी नियम केले, आणि सभागृहे त्या नियमांनी चालत. काही शहरांत मंचावरही दोन वर्णांचे कलाकार एकत्र चालत नसत. १९५७ साली एका मोठ्या दौऱ्यात फॅट्स डॉमिनो, चक बेरी यांच्यासोबत बडी हॉली आणि एव्हर्ली बंधू हे गोरे कलाकार होते. दक्षिणेतल्या काही शहरांत या गोऱ्यांना गाळून कार्यक्रम करावा लागला.

नॅट किंग कोल रॉक अँड रोलवाले नव्हते, पण त्यांची हकीकत इथे हवीच. जन्म अलाबामातलाच. १० एप्रिल १९५६ रोजी त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात फक्त गोऱ्या श्रोत्यांसमोर गाताना काही गोरे मंचावर चढले आणि त्यांनी त्यांना खाली पाडले. एवढे होऊनही त्या रात्री कृष्णवर्णीयांसाठीचा दुसरा खेळ त्यांनी केला. मग टीका सुरू झाली ती स्वतःच्याच समाजातून. वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गायलातच का? एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी येऊन मी तिथला कायदा उलथवू शकत नाही, असे कोल यांचे म्हणणे होते. पुढे ते एनएएसीपी या संघटनेचे आजीव सभासद झाले. (या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते.)

सम्यक आजीविका शिकवताना आपण शस्त्रे, विष, मद्य ही यादी सांगतो. गाणे त्या यादीत नाही. कोल यांच्यापुढचा प्रश्न यादीबाहेरचा होता: धंदा स्वच्छ आहे, पण तो ज्या सभागृहात चालतो त्याचे काय?

मार्च १९६१ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात रे चार्ल्स यांचा कार्यक्रम ठरला होता. नाचायची जागा गोऱ्यांना, बाल्कनी कृष्णवर्णीयांना. तिथल्या पेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्यांना तार करून ही व्यवस्था कळवली. रे चार्ल्स यांनी कार्यक्रम केला नाही. आयोजकाने करारभंगाचा दावा लावला आणि ७५७ डॉलर दंड झाला. २००४ च्या 'रे' चित्रपटात जॉर्जियाने त्यांच्यावर कायमची बंदी घातल्याचे दाखवले आहे. तशी बंदी कधी नव्हती. ही फोडणी कशाला घातली कळत नाही. ७५७ डॉलरची खरी गोष्ट काय कमी होती? १९७९ साली जॉर्जियाने त्यांनी गाजवलेले 'जॉर्जिया ऑन माय माइंड' राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्याच १९६१ साली मेम्फिसमध्ये सॅम कुक आणि क्लाइड मॅकफॅटर यांनीही वेगळ्या आसनव्यवस्थेपुढे गायला नकार दिला.

बीटल्सची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे त्यांनी आधीच जाहीर केले की श्रोते वेगळे बसवले तर आम्ही वाजवणार नाही. कार्यक्रम एकत्र श्रोत्यांपुढे झाला. पुढच्या वर्षीच्या करारात तसे कलमच घातले. आमच्या आयटीच्या धंद्यात करारातली कलमे वकिलांशिवाय कोणी वाचत नाही, पण या एका कलमाने आयोजकाला दोरी बांधायची सोयच उरली नाही. मात्र २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झालेली होती. त्यात नाट्यगृहे आणि संगीतसभागृहे येत होती. म्हणजे बीटल्सच्या पाठीशी कायदा होता, शिवाय दौरा संपला की ते इंग्लंडला परतणार होते. रे चार्ल्स यांच्या पाठीशी तीन वर्षांपूर्वी एक तार होती. माझ्या हिशोबात ती तार जास्त वजनाची आहे, आणि ती पाठवणारी मुले कोणत्याही चित्रपटाची नायक नाहीत.

पुढच्या अभ्यासवर्गात चर्चेसाठी एकच प्रश्न घेऊ: नॅट किंग कोल यांचे चुकले का? त्यांच्या बाजूने बोलणारे निदान दोघे तरी तयारी करून यावेत, नाहीतर सगळेच रे चार्ल्स होऊन बसतील.