मुंगूस आणि वीझल

कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या भोवताली उसाची शेते आहेत. अशा शेताच्या बांधावरून लांब शेपटीचे करडे जनावर झर्रकन गेले, तर पहिलीतले मूलही 'मुंगूस' म्हणून ओरडेल. मात्र 'डोंगरात वीझलची नवी जात सापडली' असे वृत्त चित्रासह वर्गात दाखविले, तरी मुले 'मुंगूस'च म्हणतात. यात त्यांचा दोष नाही. वीझल हिमालयात आढळते, सह्याद्रीत नाही.

दोन्ही प्राणी मांसाहारी गणातील खरे, परंतु या गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. मुंगूस मांजराच्या शाखेत, तर वीझल कुत्र्याच्या शाखेत मोडते. आपल्याकडील पाणमांजर वीझलच्याच कुळातील होय. म्हणजे नावात मांजर असूनही ते कुत्र्याच्या बाजूचे! मुंगसाच्या प्रत्येक केसावर गडद व फिकट पट्टे असल्यामुळे त्याचे अंग करडे दिसते. वीझल बहुधा वरून तपकिरी व पोटाकडे फिकट असते.

'नवी जात' म्हणजे नुकताच जन्मास आलेला प्राणी नव्हे, हेही स्पष्ट करावे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या डोंगरांत १९५० च्या दशकात एका लहान वीझलचे नमुने मिळाले होते. ते संग्रहालयात पडून राहिले. कवटी, तळपाय व बोटांमधील पडदे इतर जातींशी ताडून पाहिल्यावर १९७८ मध्ये ती स्वतंत्र जात ठरली आणि प्राणिशास्त्रज्ञ फिलिप हर्शकोविट्झ यांच्या नावावरून तिला 'फेलिपी' हे नाव मिळाले. प्राणी डोंगरात होताच. नवी होती ती त्याची ओळख.

अशी तुलना मुलांकडून करवून घ्यावी. मुंगूस पकडण्याची मुळीच गरज नाही. दुरून पाहून शरीर व शेपटी यांची लांबी, रंग, चाल आणि वेळ वहीत नोंदवावी. न दिसलेले लिहू नये.

चित्रकलेच्या तासाला याच केसांचा प्रश्न पुन्हा येतो. रंगकामाच्या काही ब्रशांसाठी मुंगसे मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण आहे व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. शाळेसाठी ब्रश घेताना केसांवर गडद-फिकट पट्टे दिसल्यास ते दुकानदाराला परत करावेत व नायलॉनचे मागावेत.