नोटपॅडमध्ये धंद्याची कामं कशी लिहायची? (फराळाच्या ऑर्डरचं उदाहरण घेऊन)



व्हिडिओत मी स्क्रीनवर ज्या ओळी टाइप करून दाखवल्या, त्या मोबाइलवर फार बारीक दिसतात. म्हणून त्या इथे देतेय, आणि व्हिडिओत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टीही.

आधी, हे का करायचं? माल वाईट निघाला म्हणून जितकी गिऱ्हाइकं तुटतात, त्यापेक्षा जास्त "तुम्ही हो म्हणालात आणि केलं नाहीत" यामुळे तुटतात, असं माझं मत आहे. माझ्या बॅचमध्ये दिवाळीचा फराळ करणाऱ्या एक ताई होत्या. एका ऑफिसची १२ बॉक्सची ऑर्डर व्हॉट्सॲपवर आली. भाव, पत्ता सगळं टाइप केलेलं. फक्त "गुरुवारी दुपारी एकच्या आत द्या, नंतर आम्हाला सुट्टी" एवढं व्हॉइस मेसेजमध्ये. ताईंनी तो ऐकला, "हो" म्हणाल्या आणि चकलीच्या गडबडीत विसरल्या. संध्याकाळी पाचला रिक्षा करून पोचल्या, तर ऑफिसला कुलूप. बॉक्स ओळखीपाळखीत कमी भावात गेले. चव एक नंबर होती, तिचा काही उपयोग झाला नाही.

यावर लोक लगेच ॲप शोधतात. ॲप वाईट नसतं, पण पहिला आठवडा रंग आणि लेबलं लावण्यात जातो, मग फुकटची मुदत संपते आणि आपल्या नोंदी आतच अडकतात. नोटपॅड विंडोजबरोबर येतंच, आणि साधी टेक्स्ट फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. अमेरिकेतल्या जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये एकाच टेक्स्ट फाइलमध्ये कामं लिहायची 'टूडू डॉट टीएक्सटी' ही पद्धत काढली. आजही ती वापरणारे लोक आहेत. तिचा मूळ नियम साधा आहे: एक ओळ, एक काम. आपण तोच घेऊ आणि मराठीला सोयीचा करून घेऊ.

डेस्कटॉपवर एक फोल्डर करा, 'धंदा' नावाचं. त्यात तीन फाइली: कामे, नोंदी, झालेली. बास.

आता खरा प्रश्न असा की कामात काय लिहायचं आणि नोंदीत काय. यासाठी मराठी वाक्याचाच उपयोग होतो. आपलं क्रियापद शेवटी येतं ना? मग ओळीच्या शेवटी क्रियापद आहे का बघा. "शाळेची ऑर्डर" हे काम नाही, ती नुसती आठवण आहे. ती वाचून हात हलत नाही. "शाळेच्या ऑफिसला फोन करून बॉक्स किती ते विचारणे" हे काम. क्रियापद सुचत नसेल, तर पुढचं पाऊल काय हे अजून तुम्हीच ठरवलेलं नाही. ते ठरवा, नाहीतर ओळ नोंदीत टाका.

समजा मेसेज आला: "ताई, नेहमीसारखं ५ किलो चिवडा, ३ किलो चकली. शेंगदाणे कमी. दोन तारखेला सकाळी भाऊ येईल न्यायला." याच्या कामे फाइलमध्ये अशा ओळी होतील:

२०२६-१०-२६ बी विंगच्या काकूंना चकली तिखट की मध्यम विचारणे @फोन
२०२६-१०-२७ पातळ पोहे आणि डाळं आणणे @बाजार
२०२६-१०-३१ काकूंचा चिवडा करणे, शेंगदाणे कमी @घर
२०२६-११-०१ काकूंची चकली तळून पॅक करणे @घर
२०२६-११-०२ सकाळी ९ च्या आत काकूंची ऑर्डर भावाकडे देणे @घर

आणि "बी विंगच्या काकूंना शेंगदाणे कमी लागतात" ही ओळ नोंदी फाइलमध्ये, कारण ती पुढच्या वर्षीही लागणार आहे.

तारीख उलटी का, असं विचाराल. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की ओळी आपोआप क्रमाने लावता येतात. नोटपॅडमध्ये ही सोय नाही, पण नोटपॅड प्लस प्लस हा फुकट मिळणारा एडिटर घेतला, तर त्याच्या एडिट मेनूत 'लाइन ऑपरेशन्स'मध्ये 'सॉर्ट लाइन्स' आहे. एक क्लिक, आणि आजचं काम वर. महिना-दिवस एक आकडी असेल तर आधी शून्य हवंच, ०२ असं, नाहीतर क्रम बिघडतो.

तारीख कोणती लिहायची, यातही मेख आहे. शेवटची तारीख लिहू नका, कामाला हात लावायची तारीख लिहा. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख पाठ असते, तरी धावपळ १९ ला रात्री होते. "२०२६-११-१४ अकाउंटंटला खरेदीची बिलं पाठवणे" ही ओळ असेल तर २० तारखेचं टेन्शन राहत नाही. काम झालं की तीच ओळ कॉपी करायची आणि महिना बदलायचा.

शेवटचे @ वाले शब्द म्हणजे ते काम कुठे होणार ते. बाजारात निघालात की कंट्रोल आणि एफ दाबून "@बाजार" शोधा. नोटपॅड एकेक ओळ दाखवतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'फाइंड ऑल' केलं की सगळ्या ओळींची यादीच खाली येते. दुसऱ्याकडे अडकलेल्या कामाला "@वाट" लावा. @ विसरू नका, नाहीतर "वाट" शोधताना वाटली डाळसुद्धा सापडेल!

शोधण्यावरून एक महत्त्वाचं, जे इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. कॉम्प्युटर शुद्धलेखनाच्या बाबतीत मास्तरांपेक्षा कडक असतो. "दूध" लिहिलंत आणि "दुध" शोधलंत तर सापडणार नाही. "५००" आणि इंग्रजी आकड्यांतले पाचशे हे त्याच्यासाठी वेगळे. बँकेचे मेसेज आणि बिलं बहुतेक इंग्रजी आकड्यांत येतात, म्हणून फाइलमध्ये इंग्रजी आकडेच ठेवा (इथे लेख मराठीत असल्याने मराठी आकडे दिलेत). गिऱ्हाइकाचं नावही कायम एकाच पद्धतीने लिहा. आज "काकू बी विंग" आणि उद्या "बी विंगच्या काकू" असं नको.

नोंदी फाइलसाठी एक गंमत आहे. अगदी पहिल्या ओळीत टिंब आणि लगेच इंग्रजी कॅपिटल एल, ओ, जी एवढंच लिहा, सेव्ह करून बंद करा. पुन्हा नोटपॅडमध्ये उघडलीत की शेवटी आजची तारीख-वेळ आपोआप येते. मधेच तारीख हवी असेल तर एफ ५ दाबा.

जुन्या कॉम्प्युटरवर मराठी सेव्ह केल्यावर प्रश्नचिन्हं दिसतात, ही तक्रार बऱ्याच जणांची असते. 'सेव्ह ॲज' करताना खाली एन्कोडिंगची चौकट असते, तिथे युटीएफ-८ निवडा. २०१९ च्या मे अपडेटनंतरच्या विंडोज १० मध्ये ते आधीच निवडलेलं असतं.

दिवसभर काउंटरवर असताना कॉम्प्युटर उघडणं होत नाही, हे मलाही माहीत आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाका आणि दुकान बंद करताना दहा मिनिटांत ओळी फाइलमध्ये घ्या. व्हॉइस मेसेज आला तर त्यातली वेळ आणि तारीख लगेच टाइप करून गिऱ्हाइकालाच परत पाठवा: "गुरुवार दुपारी एकच्या आत, बरोबर ना?" म्हणजे त्याचंही लेखी येतं.

हिशोब मात्र इथे नको. टेक्स्ट फाइल बेरीज करत नाही, उधारी वहीत किंवा एक्सेलमध्येच ठेवा. इथे फक्त "उधारीसाठी फोन करणे" एवढी ओळ. पासवर्ड, एटीएमचा पिन, कोणाचा आधार नंबर हेही नाही, कारण फाइलला कुलूप नसतं.

झालेलं काम पुसू नका, ओळ कापून 'झालेली'मध्ये चिकटवा. जागेची काळजी नको: एक लाख मराठी अक्षरांची फाइलसुद्धा लहानच असते, मोबाइलचा एक फोटो सहसा त्याहून मोठा असतो. दर रविवारी फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःला मेल करा. पुढच्या वर्षी नवरात्रात 'झालेली' उघडून "पोहे" शोधा. किती वेळा बाजारात जावं लागलं आणि पहिल्यांदा कधी गेलात, ते तारखेसकट समोर येईल. यंदाची पोह्यांची ऑर्डर त्यावरून एकदमच देता येईल.