हातपंपाचा दांडा आणि शाळेतील पदार्थविज्ञान

बल, तरफ, द्रवाचा दाब आणि स्थितिस्थापकता ही शालेय विज्ञानातील चार परिचित प्रकरणे होत. विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतात, सूत्रांत आकडे घालून उदाहरणे सोडवितात आणि परीक्षा संपताच बहुतेक विसरून जातात. परंतु अनेक गावांत शाळेच्या आवारातच किंवा जवळपास एक हातपंप उभा असतो आणि त्या एकाच यंत्रात ही चारही प्रकरणे एकत्र आलेली असतात. पंप जड का चालतो, उन्हाळ्यात तो अधिक जड का होतो, मोडलेला दांडा आखूड करून जोडल्यास काय बिघडते, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकातच आहेत. ती उत्तरे शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी समजून घेतली, तर पाणी भरणाऱ्या स्त्रियांचे कष्ट कमी होऊ शकतात आणि भूगर्भातील पाण्याची वेळीच चाहूलही लागू शकते.

जालना, सोलापूर आणि पोलादी पंप

दख्खनच्या कठीण बेसॉल्ट खडकात विंधण विहिरी घेण्याचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढीस लागले आणि १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड सर्वांनाच पटली. विहिरी झाल्या, परंतु त्यांवर बसविलेले पंप टिकेनात. ते ओतीव लोखंडाचे होते आणि त्यांचा मूळ नमुना एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेला होता. गावात मात्र तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे चालवू लागली. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने दांडे मोडले, खिळी झिजल्या आणि मोठ्या संख्येने पंप बंद पडले. खाली पाणी असूनही गाव तहानलेले राहावे, अशी स्थिती निर्माण झाली.

या अडचणीवर पहिले उपाय महाराष्ट्रातच शोधले गेले. जालना येथे ख्रिस्ती मिशनच्या पाणीपुरवठा कार्यातून पोलादी पंप तयार झाला. त्यानंतर सोलापुरात त्याहून सुधारलेला नमुना घडविण्यात आला. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने आणि मद्रास येथील अभियंत्यांच्या प्रयत्नाने याच वाटेवर 'इंडिया मार्क दोन' हा पंप सिद्ध झाला. पुढे तो भारतातच नव्हे, तर आफ्रिका व आशियातील अनेक देशांत पोहोचला. आपल्या गावांत सर्वत्र दिसतो तो बहुधा हाच पंप होय.

दाब उंचीवर अवलंबून असतो

पंपाच्या पाइपाच्या तळाशी पाण्यात बुडालेले एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला जोडलेल्या लोखंडी सळया पाइपातून वर येतात आणि साखळीने दांड्याला जोडल्या जातात. दट्ट्या वर जाताना त्याची झडप मिटते व त्याच्यावरील पाणी उचलले जाते. तो खाली येताना झडप उघडते आणि पाणी त्याच्या वरच्या बाजूस येते.

नळकांडे एवढ्या खोलवर का ठेवावे लागते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना आवर्जून विचारावा. वरून ओढून घेणारा पंप पाणी प्रत्यक्षात ओढीत नसतो. हवेचा दाब पाण्याला वर रेटीत असतो. इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेली याने सतराव्या शतकात हे स्पष्ट केले. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभच तोलू शकतो. व्यवहारात ७ मीटरांच्या पलीकडे असा पंप नीट चालत नाही. विंधण विहिरीतील पाणी त्याहून बरेच खोल असते, म्हणून दट्ट्यालाच पाण्यापर्यंत खाली जावे लागते.

आता दट्ट्यावरील भाराचा हिशेब पाहू. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅमभार इतका दाब पडतो. विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीखाली ३० मीटर असेल, तर हा दाब ३ किलोग्रॅमभार होईल. दट्ट्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर असते. दाबाला क्षेत्रफळाने गुणले की दट्ट्यावरील बल मिळते, ते सुमारे ९५ किलोग्रॅमभार भरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ३० मीटर लांबीच्या अरुंद पाइपात मावणाऱ्या पाण्याचे वजन अवघे ३० किलोग्रॅमच्या आसपास असते. तरीही दट्ट्याला ९५ किलोग्रॅमभार पेलावा लागतो, कारण द्रवाचा दाब पाइपाच्या रुंदीवर नव्हे, तर स्तंभाच्या उंचीवर ठरतो. दुसरी गोष्ट अशी की, नळकांडे ४५ मीटरांवर टांगलेले असले तरी हिशेबात उंची धरावयाची ती पाण्याच्या पातळीपासून वरची. पातळीखालच्या भागात विहिरीतील पाणी दट्ट्याला खालून तितकाच आधार देत असते.

दांडा म्हणजे तरफ

९५ किलोग्रॅमभार म्हणजे जवळजवळ एक क्विंटल. एवढा भार एखादी स्त्री वा शाळकरी मुलगी दिवसातून शेकडो वेळा कशी उचलते? याचे उत्तर तरफेत आहे. पंपाचा दांडा ही पहिल्या प्रकारची तरफ होय. मधल्या आसाचा टेकू, एका बाजूस साखळीवरील भार आणि दुसऱ्या बाजूस हाताचे बल, अशी तिची रचना असते. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा, हा तिचा नियम. या पंपात बलभुजा भारभुजेच्या आठपट ठेवलेली असते. म्हणून ९५ किलोग्रॅमभाराऐवजी हाताला सुमारे १२ किलोग्रॅमभार लावावा लागतो. न्यूटनमध्ये सांगावयाचे तर हे बल सुमारे ११८ न्यूटन होते.

तरफ बल वाचविते, काम मात्र वाचवीत नाही. दट्ट्या साडेबारा सेंटिमीटर वर जावा यासाठी हाताला त्याच्या आठपट, म्हणजे १ मीटर अंतर खाली जावे लागते. एका हिसक्यात सुमारे ४०० घन सेंटिमीटर पाणी येते. १५ लिटरची घागर भरण्यास ३८ हिसके लागतात. दहा घागरींना ३८० हिसके झाले.

साखळी ज्या अर्धचंद्राकृती भागावर बसते, त्याचेही कारण याच नियमात आहे. बलाचा वळविण्याचा परिणाम आसापासूनच्या लंबांतरावर अवलंबून असतो. सळई दांड्याला थेट खिळीने जोडली, तर दांडा वर-खाली होताना हे लंबांतर बदलते आणि सळई तिरकी ओढली जाऊन घासते. वर्तुळाच्या कमानीवर बसलेली साखळी नेहमी सरळ उभी राहते आणि लंबांतर कायम राहते. त्यामुळे झीज कमी होते. मात्र साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळयांच्या स्वतःच्या वजनाने. याच वजनाचा भार वर उचलताना हातावर येऊ नये, म्हणून दांडा भरीव व जड ठेवलेला असतो.

यावरून व्यवहारातील काही चुका सहज कळतील. दांडा मोडल्यावर तो आखूड करून जोडला आणि आठाचे प्रमाण सहावर आले, तर १२ ऐवजी १६ किलोग्रॅमभार लावावा लागतो. लहान मूल दांडा मध्यावर धरते, तेव्हा त्याला दुप्पट बल लावावे लागते. जड दांड्याऐवजी हलकी पोकळ नळी बसविल्यास सळयांचे वजन तोलले जात नाही आणि तो भारही वापरणाऱ्यांच्या हातावर पडतो. दुरुस्तीचे देयक मंजूर करताना पंचायतीने दांड्याची लांबी व वजन मूळच्याप्रमाणे आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्प्रिंगचा नियम आणि ताणकाटा

दांड्याला प्रत्यक्ष किती बल लागते, हे मोजण्याचे साधन शाळेत किंवा बाजारात सहज मिळते. ते म्हणजे स्प्रिंगचा ताणकाटा. स्प्रिंगची वाढ तिच्यावरील बलाच्या प्रमाणात होते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. १ किलोग्रॅमभाराने स्प्रिंग २ सेंटिमीटर ताणली जात असेल, तर ३ किलोग्रॅमभाराने ती ६ सेंटिमीटर ताणली जाईल. पण या नियमाला मर्यादा आहे. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ताणलेली स्प्रिंग मूळ लांबीवर परत येत नाही आणि मग काटा रिकामा असतानाही शून्य दाखवीत नाही.

याचे महत्त्व पंपापुरते नाही. बालकांची वजने घेण्यासाठी अंगणवाड्यांत वर्षानुवर्षे टांगता स्प्रिंगकाटा वापरण्यात आला. अशा काट्याला कोणी धान्याचे पोते लटकविले आणि स्प्रिंग कायमची ताणली गेली, तर तो बालकाचे वजन खऱ्याहून अधिक दाखवू शकतो. मग ज्या बालकाला जादा आहाराची गरज आहे, तेच यादीतून सुटण्याचा धोका असतो. काटा वापरण्यापूर्वी शून्य तपासावे आणि डब्याचे रिकामे वजन वजा धरून त्यात मोजून भरलेल्या ५ लिटर पाण्याचे वजन ५ किलोग्रॅम येते की नाही, ते पाहावे. ही तपासणी सातवी-आठवीचा विद्यार्थीही करू शकेल.

शाळेने करावयाचा प्रयोग

असा तपासलेला, २५ किलोग्रॅम क्षमतेचा ताणकाटा घ्यावा. पंप प्रथम पाणी येईपर्यंत चालवावा, म्हणजे पाइप भरलेला राहील. दांड्याच्या टोकाशी एक ठरावीक जागा खूण करून तेथे दोरीने काटा अडकवावा आणि तो दांड्याशी काटकोन राखून संथपणे खाली ओढावा. दांडा आडवा येईल त्या क्षणी वाचन घ्यावे. हिसका देऊ नये. तीन वाचनांची सरासरी काढून ती दिनांकासह वहीत नोंदवावी.

या नोंदीचे मोल दोन वाचनांच्या फरकात आहे. पाण्याची पातळी १५ मीटरांवर असता हिशेबाने सुमारे ६ किलोग्रॅमभार पुरतो. तीच पातळी उन्हाळ्यात ४५ मीटरांवर गेली, तर सुमारे १८ लागतात. म्हणजे त्याच घागरीसाठी तिप्पट कष्ट. घर्षणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतील. परंतु घर्षण दर वेळी साधारण तेच राहत असल्याने, वाचन १ किलोग्रॅमभाराने वाढले की पाणी अंदाजे अडीच मीटर खाली गेले, असे समजण्यास हरकत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. शाळेनेही त्याच महिन्यांत नोंदी घेतल्यास त्या ताडून पाहता येतील. जानेवारीतील वाचन आदल्या वर्षाहून बरेच अधिक आले, तर टंचाईचा आराखडा मे महिन्याची वाट न पाहता हाती घेता येईल.

बलाबरोबरच ४० हिसक्यांत किती लिटर पाणी आले, तेही मोजावे. सुस्थितीतील पंप सुमारे १६ लिटर देतो. बल पूर्वीइतकेच असून पाणी घटत असेल, तर दट्ट्याचे वॉशर झिजले असण्याचा संभव असतो. दांडा एकाएकी हलका होऊन पाणीच येत नसेल, तर सळई सुटली असावी किंवा पाणी नळकांड्याखाली गेले असावे. अशी नेमकी माहिती दिल्यास यांत्रिकी पथक योग्य ते साहित्य घेऊन येऊ शकते आणि पंप बंद राहण्याचे दिवस कमी होतात.

नळयोजनेलाही हाच नियम

जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून घरोघरी नळ देण्यावर भर आहे. तेथेही दाबाचा नियम बदलत नाही. जलकुंभ कितीही रुंद बांधला, तरी त्याने नळाचा दाब वाढत नाही. त्याने केवळ साठा वाढतो. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर पाणी स्थिर असताना दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅमभार राहील. वाहत्या पाण्यात पाइपाच्या घर्षणाने तो आणखी कमी होतो. म्हणून जलकुंभाची जागा ठरविताना उंचावरील वस्तीतील शेवटचे घर किती उंचीवर आहे, हा प्रश्न ग्रामसभेत आधी विचारला गेला पाहिजे. आराखडा मंजूर झाल्यावर तो विचारून उपयोग नसतो. आणि वीज गेली किंवा मोटार जळाली, की गाव पुन्हा हातपंपाकडेच वळते. नळ आले म्हणून पंपाची देखभाल सोडणे त्यामुळे हिताचे नाही.

या साऱ्याला मोठा खर्च लागत नाही. एक ताणकाटा, मोजमापाची बादली आणि एक वही एवढेच साहित्य पुरे आहे. मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग ठेवावा आणि ग्रामपंचायतीने त्या नोंदी आपल्या मासिक सभेत वाचाव्यात. वर्गात शिकलेला नियम गावाच्या पाण्याचा निर्णय घेताना उपयोगी पडला, म्हणजे तो विद्यार्थ्यांच्या कायम लक्षात राहील आणि दांड्यावर राबणाऱ्या हातांनाही त्याचा लाभ मिळेल.