लोहमार्गाचे भराव व खारपाणपट्ट्यातील माती

अकोला-अकोट लोहमार्ग गांधीग्रामजवळ पूर्णा नदी ओलांडून खारपाणपट्ट्यातून जातो. मीटरगेजचा हा मार्ग ब्रॉडगेज करण्यात येऊन २०२२ मध्ये त्यावर पुन्हा गाड्या सुरू झाल्या. अशा कामाच्या वेळी भरावासाठी शेतातील माती देण्याचा मोह होतो. वास्तविक काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. म्हणून भरावाच्या माथ्यावर मुरमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो.

खारपाणपट्ट्यात शेतात खड्डा घेणे इतर ठिकाणांपेक्षा अधिक घातक होय. तेथील खालच्या थरांत सोडियमचे प्रमाण अधिक असते. ती माती वर आली की पावसाने तिचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाफसा वेळेवर येत नाही. जमीन चोपण होते.

माती द्यावीच लागली तर वरचा वीतभर कसदार थर प्रथम काढून त्याचा निराळा, बुटका ढीग रचावा व त्यावर धैंचा पेरावा. काम संपताच खालची माती खाली व वरची वर, याच क्रमाने पसरावी. वाहनांनी दबलेली जमीन ओली असताना नांगरू नये. जिप्समची मात्रा माती-परीक्षणानंतरच ठरवावी.

भरावाने पाणीही तुंबते. नकाशात नाले दिसतात, शेताशेतांतून वाहणारे पावसाचे लोंढे दिसत नाहीत. मोऱ्यांच्या जागा निश्चित होण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हे प्रवाह अभियंत्यांना शिवारात प्रत्यक्ष दाखवावेत.