बहिणाबाईंचे आत्मनिवेदन : स्वप्न आणि अधिकार
संत बहिणाबाईंची (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंगरचना केवळ गुरुकृपेची साक्ष म्हणून वाचल्यास तिच्यातील मनोव्यापार दृष्टिआड होतो. तुकारामांचा अनुग्रह त्यांना झाला तो कोल्हापुरात, लाडक्या वासराच्या मृत्यूनंतर पडलेल्या स्वप्नात. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गणल्या गेलेल्या संतास गुरू मानणे वेदपाठी पतीस असह्य होते. त्याची मारहाणही बहिणाबाईंनी नोंदविली आहे. पती, जात आणि शास्त्र यांनी जागृतीत नाकारलेला अधिकार स्वप्नाने दिला. तरीही त्यांनी पातिव्रत्य झुगारले नाही. पतिसेवा व भक्ती या दोन्ही निष्ठा त्यांनी सांभाळल्या. तथापि त्यांतील ताण त्यांनी लपविला नाही. म्हणूनच या रचनेचे मोल समन्वयाच्या निष्कर्षापेक्षा द्वंद्वाच्या प्रांजळ आलेखनात अधिक आहे.