अपुऱ्या जागेत होडीचा ट्रेलर

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या काळात यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्याचे हे दिवस लहान होडी कोठे ठेवावयाची, हा कोकणातील अनेक कुटुंबांपुढील प्रश्न आहे. वाळूवर ठेवली तर उधाणाची भीती. माडाच्या झापांनी शाकारली तरी आत पाणी साचण्याचा धोका. फायबरग्लासची हलकी होडी दोन चाकी ट्रेलरवर चढवून घरी आणता येते. अडचण येते ती पडवीच्या तोंडाशी. होडी आत मावते. पण ट्रेलरची पुढची दांडी हातभर बाहेर राहते.

उदाहरणादाखल सुमारे 4 मीटर लांब व 1.6 मीटर रुंद होडी घेऊ. दांडी धरून ट्रेलरची एकूण लांबी 5 मीटर आणि पडवीची आतील लांबी 4.5 मीटर आहे. ट्रेलर तिरपा लावावा, हा पहिला सल्ला बहुधा शेजारीच देतात. हिशेब मात्र वेगळे सांगतो. होडीची मागची बाजू रुंद व सपाट असल्यामुळे ट्रेलर 10 अंश वळविला, तर त्याने व्यापलेली लांबी कमी न होता सुमारे 6 सेंटिमीटरने वाढते. 30 अंश वळविल्यावर 27 सेंटिमीटर वाचतात. परंतु त्यासाठी जवळजवळ 3.2 मीटर रुंदी मोकळी लागते. एवढी ऐसपैस पडवी असती, तर प्रश्नच उद्भवला नसता. तेव्हा दांडीकडे वळणे प्राप्त आहे.

दांडी आखूड करण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. दांडी कापून तेथे बिजागरी बसवावयाची व पुढचा भाग होडीच्या निमुळत्या नाळेशेजारी वळवून ठेवावयाचा, हा पहिला. एका नळीत दुसरी नळी सरकवून पुढचा भाग काढता-घालता येईल असा करावयाचा, हा दुसरा. बिजागरी दिसावयास सुटसुटीत असते. तिच्यावर किती जोर येतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

होडीसह ट्रेलरचे वजन 500 किलोग्रॅम असेल, तर त्याचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 50 किलोग्रॅम, ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर टेकलेला असावा. बिजागरी हुकापासून 1 मीटर मागे आणि तिच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांत 8 सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. तरफेच्या नियमाने प्रत्येक पट्टीवर 625 किलोग्रॅमचा जोर येतो. हा जोर ट्रेलर स्थिर उभा असतानाचा. खड्ड्यात चाक आदळले की तो कित्येक पट वाढतो. याउलट नळीत नळी 40 सेंटिमीटर आत गेलेली असेल, तर आतल्या टोकाशी 125 आणि तोंडाशी 175 किलोग्रॅम एवढाच भार पडतो. कारागीर नवखा असेल, तर नळीचा मार्गच अधिक सुरक्षित मानावा. त्यात दोष एकच: खाऱ्या पाण्याने नळ्या गंजून एकमेकींत घट्ट बसतात. म्हणून दर हंगामात त्या सोडवून, घासून ग्रीस लावणे आवश्यक असते.

बिजागरीच हवी असल्यास तयार मिळणारी, ट्रेलरच्या वजनास योग्य अशी घ्यावी. दाराची जाड बिजागरी या कामी मुळीच चालणार नाही. वेल्डिंगपूर्वी जस्ताचा थर घासून काढावा. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेल्यास ताप येतो. दांडीच्या वरच्या व खालच्या अंगावर आडवा जोड देऊ नये, कारण वाकण्याचा ताण तेथेच सर्वाधिक असतो. काम झाल्यावर उघडे पडलेले लोखंड जस्तयुक्त रंगाने झाकावे.

सुरक्षेची साखळी पुष्कळदा दांडीच्या पुढच्या तुकड्यालाच अडकवलेली राहते. बिजागरी तुटली तर तो तुकडा साखळीसह गाडीमागे जाईल आणि होडी रस्त्यावर मोकळी सुटेल. साखळीचे मागचे टोक बिजागरीच्या मागे, मुख्य सांगाड्याला पक्के केलेले असावे. दिव्यांच्या तारांना वळणाच्या जागी पुरेशी ढील ठेवावी.

मोटारीमागे रस्त्यावर ओढावयाचा ट्रेलर कायद्याच्या दृष्टीने वाहनच होय. मोटर वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये नोंदणीकृत वाहनातील फेरफारांवर बंधने आहेत. म्हणून दांडीला करवत लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आस वा चाकांमधील अंतर कमी करून ट्रेलर अरुंद करण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. वळणावर तो उलटण्याचा संभव वाढतो.

पडवीत नेल्यावर दांडी वळविण्याआधी पुढचा भार पेलणारे टेकणचाक बिजागरीच्या मागे आहे ना, हे पाहावे. ते पुढे असेल, तर पिन काढताच नाळ खाली आदळेल आणि जवळ उभ्या असलेल्याचा पाय सापडेल. मागच्या टोकाखालीही लाकडी ठोकळा द्यावा. दांडी वळविल्यावर पुढचे वजन कमी झालेले असते. अशा वेळी खेळता खेळता एखादे मूल होडीच्या मागच्या काठावर चढले, तरी ट्रेलर उलटा कलू शकतो. इंजिन उतरवून घरात ठेवल्यास हा धोका कमी होतो व चोरीचीही चिंता मिटते.

दोन महिने एकाच जागी उभे राहावयाचे असल्याने सांगाडा ठोकळ्यांवर टेकवून चाकांवरचा भार काढावा. चाकांच्या बेअरिंगमधील खारट ग्रीस पाऊस लागण्यापूर्वीच बदलावे. नाळ थोडी उंच ठेवून तळाचे बूच काढले, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आत आले तरी वाहून जाते. काढलेले बूच आणि दांडीची पिन एकाच दोरीत ओवून सुकाणूला बांधून ठेवावी. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ती शोधण्यात भरतीची वेळ निघून जाऊ नये.