चिआंग माईतला पहिला दिवस : निवांत फिरा, पण हिशेबाने

थायलंड म्हटले की आपल्याकडच्या सहलींचे घोडे बँकॉक-पट्टायापाशीच अडते. तिथून उत्तरेला सुमारे सातशे किलोमीटरवरचे चिआंग माई हे मेंगराय राजाने १२९६ मध्ये वसवलेले लान्ना राज्याचे राजधानीचे शहर. जुने शहर म्हणजे खंदकाने वेढलेला, जेमतेम दीड किलोमीटर बाजूचा चौकोन. पहिल्या दिवशी बघण्यासारखे बहुतेक सगळे या चौकोनातच आहे आणि पायी होते. त्यामुळे देवळांवर फारसा खर्च होत नाही. खिसा हलका होतो तो नोटा बदलताना, रिक्षात बसताना आणि घाईघाईत केलेल्या बुकिंगमध्ये.

हिशेबाची एक सोय आधीच करून ठेवा. एका बाटला पावणेतीन ते तीन रुपये पडतात. सरळ तीनने गुणा.

निघण्यापूर्वी आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. १ मे २०२५ पासून तो सक्तीचा आहे आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो. त्याच्यासारखेच दिसणारे खासगी पान पैसे मागू लागले, तर ते बंद करा. पैशांचे म्हणाल तर थायलंडमधले एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक कापते, म्हणजे साडेसहाशे रुपये नुसते दार उघडण्याचे. वर आपल्या बँकेचा आकार वेगळा. म्हणून हजार-हजार बाट चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काय ते काढा. यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असे विचारते, तेव्हा नकार द्या. तिथला दर बँकेच्या दरापेक्षा हमखास वाईट असतो. रुपयांच्या नोटा नेऊन तिकडे बदलण्यातही फायदा नाही. इथूनच थोडे बाट घ्या किंवा डॉलर न्या.

विमानतळ जुन्या शहरापासून चारेक किलोमीटरवर. टॅक्सीचे साधारण १५० बाट होतात, ॲपवरून मागवली तर कधी त्याहून कमी. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने आलात तर वातानुकूलित शयनयानाला हजार बाटच्या आसपास किंवा थोडे वर पडतात, पण एका रात्रीचे हॉटेल वाचते. ही तिकिटे लवकर संपतात. मुक्काम खंदकाच्या आत घ्यावा. दोघांची साधी, स्वच्छ खोली ६०० ते १,२०० बाटमध्ये मिळते. खंदकाबाहेर दोनशे बाट वाचवलेत, तर ते जाण्यायेण्यात जातातच.

खोलीत सामान टाकले की काउंटरवरची बाई हसतमुखाने सहलींची पत्रके पुढे करील: हत्ती, धबधबे, डोई इन्थानोनचा डोंगर. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. बाहेर पाच दुकाने फिरलात की त्याच सहलीचे पाच दर कळतात.

सकाळी ऊन चढायच्या आत वाट चिआंग मानपासून सुरुवात करावी (थाई ‘वाट’ म्हणजे देऊळ). शहर वसवले तेव्हाचे हे पहिले देऊळ. हत्तींच्या पाठीवर तोललेला त्याचा स्तूप बघायला पैसे पडत नाहीत. तिथून तीन राजांचा पुतळा आणि पुढे वाट चेदी लुआंग. या स्तूपाचा माथा १५४५ च्या भूकंपात कोसळला. बँकॉकमध्ये आज जो पाचूचा बुद्ध बघायला रांग लागते, तो पंधराव्या शतकात इथे होता. विटांच्या त्या भग्न चौथऱ्याभोवती शांतपणे एक फेरी मारा. दक्षिण बाजूचे हत्ती नीट बघा: बहुतेक सिमेंटने नव्याने केलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या सोंडा, कान धडधाकट. परदेशी पाहुण्यांना तिकीट ४० ते ५० बाट. आवारातल्या नगरस्तंभाच्या छोट्या मंदिरात स्त्रियांना प्रवेश नाही, तशी पाटीच आहे. पश्चिम टोकाला वाट फ्रा सिंग, तिथेही तेवढेच तिकीट. लाय खाम विहारातली भित्तिचित्रे बघितल्याशिवाय निघू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हाफपँटवर गेलात तर दारात कापड भाड्याने घेण्याची वेळ येते. पिशवीत एक ओढणी असली की भागते.

जेवणाच्या बाबतीत हे शहर उदार आहे. खाव सोय हा इथला मानाचा पदार्थ: नारळाच्या दुधाची पिवळसर करी, अंड्याच्या नूडल्स, चिकनची तंगडी आणि वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्सची टोपी. सोबत बशीत लोणच्यासारखी आंबवलेली मोहरीची पाने, कच्चा छोटा कांदा आणि लिंबू येते. ते सगळे वाटीत कालवायचे असते, तोंडी लावायचे नसते. युनानमधून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी ही चव इथे आणली असे मानतात. साध्या दुकानात वाटी ५० ते ८० बाट. गारेगार, देखण्या कॅफेत तीच दीडशेला, आणि माझ्या मते चवीला उणी.

शाकाहारी मंडळींनी ‘भाजी’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. भाजीतही माशांचा सॉस सर्रास पडतो. दुकानावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल रंगात, इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखी दिसणारी अक्षरे शोधा. हे ‘जे’ जेवण : मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. भातावर दोन भाज्या ४० ते ६० बाटमध्ये मिळतात. मात्र जैन वाचकांनी लक्षात ठेवावे, कंदमुळे आणि अळंबी त्यात चालतात. ‘मांगसाविरात’ असे लिहिले असेल, तर अंडे-दूध असू शकते.

दुपारी दोन ते चार बाहेर फिरण्यात अर्थ नाही. थाई मसाज तासाला २०० ते ३०० बाट. रातविथी रस्त्यावर महिला तुरुंगाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिक्षा संपत आलेल्या बायका हे काम करतात. दर इतरांसारखाच आणि हात सराईत. गर्दी असते, आधी जाऊन नंबर लावा. मसाजनंतर ५० बाट बक्षिसी देण्याची रीत आहे.

पाय दुखलेच तर लाल सोंगथाऊला हात करा. आपल्याकडच्या वडापसारखाच मामला: मागे समोरासमोर दोन बाकडी, वाटेत माणसे चढतात-उतरतात. शहरात माणशी ३० ते ४० बाट. चढण्यापूर्वी ठिकाण सांगून दर ठरवा. ‘तुम्ही दोघेच, दोनशे द्या’ म्हटले तर पुढची गाडी बघा. स्कूटर दिवसाला २०० ते ३०० बाटला मिळते, पण पहिल्या दिवशी नकोच. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर पोलीस दंड करतात आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. तारण म्हणून पासपोर्ट तर मुळीच ठेवू नका.

शक्य असेल तर पहिला दिवस रविवारी येईल असे बघा. था फे वेशीपासून वाट फ्रा सिंगपर्यंतचा राचादामनोएन रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद होतो आणि बाजार भरतो. सहा वाजता राष्ट्रगीत लागते आणि तव्यावर उलथने धरलेली बाईसुद्धा आहे तशी उभी राहते. तुम्हीही थांबा. देवळांच्या आवारातल्या गाड्यांवर १५० बाटमध्ये पोटभर खाणे होते.

आता बेरीज. टॅक्सीचा अर्धा वाटा ७५, तिकिटे १००, नाश्ता ६०, दुपारचे जेवण ८०, कॉफी ८०, पाणी २०, मसाज बक्षिसीसह ३००, सोंगथाऊ ६०, रात्रीचे खाणे १५०. एकूण ९२५ बाट, म्हणजे पावणेतीन हजार रुपये. दोघांत ९०० बाटची खोली धरली तर माणशी सव्वाचार हजारांच्या आत दिवस बसतो.

मार्चमध्ये हाच हिशेब आणखी स्वस्त दिसेल. कारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगले पेटवल्याचा धूर शहरावर बसतो. बरोबर दम्याचे कोणी किंवा लहान मूल असेल, तर त्या स्वस्ताईच्या नादी लागू नका, नोव्हेंबर ते जानेवारीचेच तिकीट काढा.